कुर्र

नव्या ट्रॅक्टरला नाव नसतं.
त्याला हार असतो, हप्ता असतो,
सीटवर चरचरणारा प्लास्टिकचा कागद असतो
आणि चिकोडीहून पेढे घेऊन आलेला शोरूमचा पोरगा.
नाव फार उशिरा येतं,
हप्ते फिटल्यावर, हेडलाइटचा एक डोळा गेल्यावर,
गियर कुठं अडतो ते घरातल्या
एकाच माणसाला ठाऊक उरल्यावर.
भावाचा दारात उभा आहे तसा, कोरा.
नात्यानं मी त्याची आत्ती.
थांबलेय.

आधी लोक नावं ठेवतात.
मग त्यातलं एखादं राहतं.

दस्तगीरच्या शेडात, सदलगा रस्त्याला,
असे राहिलेले पुष्कळ उभे असत:
नवाच्या ठोक्याआधी हूं की चूं न करणारा मास्तर,
रेडिएटर गळणारी दूधगंगा,
आणि पायगोंडा मगदुमांचा जावई,
ज्याच्यापुढं रोज सकाळी कुणीतरी
गरम पाण्याची किटली घेऊन उभं राहायचं.
दस्तगीर पावतीवरही हीच नावं लिही.
मालक कोण विचारलं की डोकं खाजवी.

आमचा निळा. बाबा त्याला बावीस वर्षं
नुसतं फोर्ड म्हणत.
फोर्ड काढ. फोर्ड लाव. संपलं.
एका पौषात, तोड ऐन भरात,
दोन ट्रॉल्या बांधावर, टोळीवाले शेकत बसलेले,
आणि स्टार्टर नुसता
कुर्र.
कुर्र.
ओसरीवर अडकित्ता शोधणारी चंपूआत्ती
हसायलाच लागली.
"अयाई, कानात कुर्र झालं की!
आता नाव कुणी सांगायचं? मीच न्हवं आत्ती?"
अनवाणी अंगणात उतरली,
एअर क्लीनरपाशी तोंड नेलं,
हाताचा आडोसा केला,
काहीतरी पुटपुटली.
आम्ही पोरांनी रिवाजाप्रमाणं
तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या,
टोळीवाल्यांनी मडगार्डवर.
ढकलला. उतारावर, दुसऱ्या गियरात,
काळा लोट सोडून धरलं त्यानं.
"निलव्वा!" आत्ती धुरातनं ओरडली,
"निलव्वा म्हणा आता. फोर्ड काय फोर्ड!"

त्या दिवसापासून तो ती झाला.
शिवी घालायला तोंड मिळालं,
विनवायला कान.
चिखलात रुतल्यावर बाबा तिच्याशी जे बोलत
ते आईशी बोलल्याचं मला आठवत नाही.
आई म्हणे, "निलव्वालाच इचारा, मीठ किती घालू."
पेंटर आला बोनेटवर नाव काढायला,
म्हणाला, कुठल्या अक्षरात? कन्नड का मराठी?
बाबा म्हणाले, "तिला वाचता येतंय होय?
ऐकू येतंय तेवढं बास."
डबा परत झाकून पेंटर चहा पिऊन गेला.

आत्ती गेली. त्यानंतर दोन वर्षांनी
हारूगेरीचा बसलिंग आला,
पाण्याच्या टँकरला जुना ट्रॅक्टर पाहिजे म्हणून.
बाबांनी त्याला सगळं सांगितलं, कन्नडात, काही न लपवता:
क्लच अर्ध्यावर धरतो,
डिझेलच्या नळीत हवा शिरते,
रात्री लावताना तोंड उताराकडं.
नाव तेवढं सांगितलं नाही.
पैसे दोनदा मोजले
आणि ती फाटकातून वळायच्या आत
गोठ्यात जाऊन बसलेल्या म्हशीला
उगाचच उठवत राहिले.

महिन्यानं, जेवताना, फोन.
उष्ट्या हातानंच बाबा उंबऱ्यापर्यंत गेले.
बसलिंगनं सगळं करून बघितलं होतं,
उतार, नळी, नवीन बॅटरीसुद्धा.
बाबा बराच वेळ नुसते हूं हूं.
मग आमच्याकडं पाठ केली.
"हत्तिर हिडी," म्हणाले. जवळ धर. तिच्या जवळ.
तळव्याचा आडोसा केला
आणि एकच शब्द बोलले.

पलीकडून आलं
कुर्र.
थोड्या वेळानं आणखी एकदा.

पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.
परत येऊन ताटावर बसले,
डाव्या हातानं
पाठ चोळत.